एमजीबी १८०० : पिस्टन आणि बोअर, इंजिन ओव्हरहॉलच्या नोंदी (नाशिक)

४ जानेवारी

गाडी एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, घेतलं. एक नंबरला १२८, दोनला १२२, तीनला ८४, चारला ११८ पीएसआय. तीन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर ८४ चे ११९ झाले. ऑइलने रिंग आणि भिंतीमधली फट तात्पुरती भरली, म्हणून आकडा चढला. व्हॉल्व्ह गळत असता तर तो जागचा हलला नसता. म्हणजे काम बोअरचं, सिलिंडरच्या आतल्या भोकाचं, आहे.

इंजिन नंबर १८ जीबीने सुरू होतो. हा पाच मेन बेअरिंगचा ब्लॉक, एमजीबीला १९६४ च्या अखेरीस आला. आधीच्या १८ जी आणि १८ जीएला तीनच बेअरिंग. पिस्टनचा विचार करताना हे सगळ्यात आधी बघावं लागतं. जुन्या इंजिनात गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) रॉडमध्ये बोल्टने आवळलेली असते. १८ जीबीमध्ये ती मोकळी फिरते आणि दोन्ही टोकांना सर्क्लिप (ती बाहेर येऊ न देणारी स्प्रिंगची कडी) असते. नंतरच्या इंजिनांत ती रॉडमध्ये दाबून बसवलेली. पिनची जाडीही मधे बदलली. वरून बघितलं तर पिस्टन सारखेच दिसतात, आणि नुसतं ‘एमजीबीचे पिस्टन’ म्हणून मागवले की इथेच चूक होते.

६ जानेवारी

हेड काढलं, सम्प काढला, पिस्टन वर ओढून बाहेर घेतले. त्याआधी बोअरच्या तोंडाची कड रिज रीमरने काढली. तशीच ठेवून पिस्टन ओढला की रिंग अडकते आणि पिस्टनचा रिंगमधला पट्टा तुटतो. हे पिस्टन भंगारात जाणार असले तरी ते आख्खे हवेत, कारण आधीच्या कामाची माहिती त्यांच्यावरच असते.

डोक्यावर ०२० कोरलेलं आहे. म्हणजे ब्लॉक एकदा वीस थाऊ मोठा करून झालाय. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. अंबड-सातपूरच्या शॉपमध्ये अजूनही दोन्ही मापं बोलली जातात, म्हणून इथेही दोन्ही.) मूळ बोअर ८०.२६ मिमी, स्ट्रोक ८८.९. वीस ओव्हरसाइजला ८०.७७.

चारातले तीन पिस्टन एका मेकचे, चौथा वेगळा. चौथ्याची डोक्यावरची वाटी जास्त खोल आणि वजन ३१ ग्रॅमने जास्त. आधीच्या कामात एकच पिस्टन बदललेला दिसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात असं कधीच करू नये. वजनाने थरथर वाढते आणि वाटी खोल असल्याने त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कायम कमी राहतं. मग मेकॅनिक कार्ब्युरेटर आणि टायमिंगमध्ये दोष शोधत बसतो.

७ जानेवारी

मापाचा दिवस. सकाळी नऊला ब्लॉकचं तापमान ११ अंश. नाशिकच्या जानेवारीत हे नेहमीचं, आणि मापाचा घोटाळा इथेच होतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन उबदार खोलीतून २७ अंशांवर आणून लगेच मायक्रोमीटरला लावला तर तो ११ अंशांपेक्षा जवळपास ०.०२६ मिमीने मोठा दिसतो. पिस्टन आणि बोअरमधली सगळी फट (क्लिअरन्स) मुळात दोन थाऊची, त्यातला एक थाऊ इथेच गेला. म्हणून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि बोअर गेज एकाच टेबलावर रात्रभर ठेवायचे आणि दुपारी बारानंतर, २२-२३ अंशांवर, माप घ्यायचं. बोअर गेज रिंग गेजवर शून्य केला.

प्रत्येक बोअरला तीन उंचींवर, दोन दिशांनी, सहा मापं. इथे थ्रस्टच्या (पिस्टन भिंतीवर रेटला जातो त्या) दिशेची सगळ्यात मोठी आणि तळाची तेवढी देतो:

एक नंबर : ८०.८७ / ८०.७९
दोन नंबर : ८०.८८ / ८०.७९
तीन नंबर : ८०.९४ / ८०.८०
चार नंबर : ८०.८९ / ८०.७९

पिनच्या दिशेने हीच मापं ०.०४ ते ०.०५ ने कमी, म्हणजे बोअर अंडाकृती झालाय. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगच्या थांब्याखाली, आणि तीही डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला. हे बरोबरच आहे. पॉवर स्ट्रोकला रॉड तिरका असतो आणि पिस्टन त्याच भिंतीवर रेटला जातो.

तीन नंबरमध्ये झिजेशिवाय आणखी एक गोष्ट दिसली. डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडापासून) साधारण ४० मिमी खाली गंजाचे दोन आडवे पट्टे. गाडी बरीच वर्षं उभी होती. त्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार, पावसाळ्यातली दमट हवा आत गेली आणि रिंगच्या कडेला पाणी धरलं. बोट फिरवलं तर काही जाणवत नाही, पण नख आडवं ओढलं की अडकतं. टॉर्च आडवा धरला की खड्ड्यांची सावली स्पष्ट दिसते.

१० जानेवारी

पर्याय मांडले.

चाळीस ओव्हरसाइज : बोअर ८१.२८, इंजिन १८४५ सीसी.
साठ ओव्हरसाइज : बोअर ८१.७९, इंजिन १८६८ सीसी.
चारही बोअरमध्ये लायनर (आत बसवायची लोखंडी नळी) घालून मूळ ८०.२६ वर परत : १७९९ सीसी.

सीसी वाढल्याचा आनंद मानू नये. चाळीस आणि साठमधला फरक २३ सीसी, रस्त्यावर तो कळतही नाही. जाते ती भिंत. हा ब्लॉक ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचा, म्हणजे आपल्या अँबॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा सख्खा मोठा भाऊ. स्ट्रोक दोघांचा एकच, ८८.९. अँबॅसेडरचा बोअर ७३.०२५ आणि याचा ८०.२६. एवढा बोअर बसवताना एक-दोन आणि तीन-चार या जोड्यांच्या मधे पाण्याला जागाच उरली नाही, भिंती एकमेकींना चिकटल्या. त्यामुळे जोडीतली मधली भिंत सगळ्यात गरम राहते, आणि ती जितकी पातळ करू तितका बोअर गरम असताना वाकडा होतो. साठ चालतो, बरीच इंजिनं साठवर धावतात. पण त्यापुढे लायनरशिवाय रस्ता नाही आणि उन्हाळ्यात घाट चढणाऱ्या गाडीला ती भिंत राखून ठेवलेली बरी.

या नात्यामुळे नाशिकमधल्या जुन्या मिस्त्रींना हे इंजिन परकं नाही. टॅपेट, पुशरॉड, टायमिंग चेन बघितली की ते ओळखतात. पण ‘अँबॅसेडरचा पिस्टन जमवू’ हा सल्ला मानायचा नाही. सात मिलिमीटरचा फरक आहे. दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा ८१ मिमीचा पिस्टन आणून बसवणंही नको. व्यास जुळला तरी पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास आणि वाटीचं आकारमान, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. उंची एक मिलिमीटरने जास्त निघाली तर पिस्टन हेडला टेकायला येतो, कमी निघाली तर कॉम्प्रेशन पडतं.

१७ जानेवारी

बोरिंगवाल्याकडे द्राक्षबागांच्या ट्रॅक्टरची आणि फवारणीच्या इंजिनांची रांग आहे. आपला नंबर लागेपर्यंत फक्त तीन नंबरला ट्रायल कट घ्यायचं ठरलं, कारण सगळ्यात खराब बोअरच ओव्हरसाइज ठरवतो. ८१.२० वर थांबायचं, त्याच्या पुढे नाही. शेवटचं माप पिस्टन हातात आल्याशिवाय ठरत नसतं.

८१.२० वर झीज पूर्ण निघाली. वरचा गंजाचा पट्टा गेला, खालच्या पट्ट्यातले तीन खड्डे राहिले. सुईच्या डायल गेजने सगळ्यात खोल खड्डा ०.१५ मिमी आला. ८१.२० पासून ८१.२८ पर्यंत व्यासात ०.०८ उरतात, म्हणजे भिंतीत फक्त ०.०४. खड्डा निघणार नाही. ही निम्म्याची गोष्ट घाईत विसरली जाते.

मिस्त्रींचं म्हणणं, ‘चारही साठ करून टाकू, एकसारखं होईल.’ साठला भिंतीत आणखी ०.३० मिळतात, खड्डा निघतो हे खरं. पण एका सिलिंडरच्या तीन खड्ड्यांसाठी बाकी तीन चांगल्या सिलिंडरची शेवटची साइज खर्च होते. चारही लायनर घालणंही नको वाटलं. लायनर आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा उष्णता अडवतो, आणि चिकटलेल्या भिंतींत चार लायनर म्हणजे चार वेळा ब्लॉकवर ताण. तीन नंबरला लायनर आणि चारही चाळीस, असा निर्णय झाला.

चाळीसचे पिस्टन इंग्लंडहून मागवले. साधे कास्ट, फोर्ज्ड नाहीत. फोर्ज्ड पिस्टनचा २६१८ मिश्रधातू चिवट असतो. सुपरचार्जर किंवा शर्यतीत तोच हवा. पण त्यात सिलिकॉन जवळपास नसतं, तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून थंड असताना सैल ठेवावा लागतो आणि सकाळी खडखडतो. ४०३२ या दुसऱ्या फोर्ज्ड मिश्रधातूत साधारण १२ टक्के सिलिकॉन असल्याने तो कमी फुगतो. या गाडीला ५,५०० आरपीएमच्या वर न्यायचंच नाही, तर चांगला कास्ट पिस्टन जास्त शांत चालतो आणि बोअर जास्त टिकतो.

११ फेब्रुवारी

पिस्टन आले. डबा उघडल्यावर आधी वाटी मोजली, मग बाकीचं. डोक्यावर ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवली, ब्युरेटने केरोसीन सोडलं. चारही ६.५ सीसी. सपाट डोक्याचे आले असते तर परत पाठवले असते, कारण खालच्या (१ मार्चच्या) हिशेबात त्यांनी कॉम्प्रेशन रेशो १० च्या वर नेला असता.

पिस्टनचं माप कुठे घ्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे. स्कर्ट गोल नसतो, मुद्दाम अंडाकृती घासलेला असतो. शिवाय वर बारीक आणि खाली रुंद असतो. पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या तळाजवळ, बरोबर आलेल्या चिठ्ठीत दिलेल्या उंचीवर मोजायचं. पिनच्या दिशेने मोजलं तर आकडा भलताच छोटा येतो, बोअर त्याप्रमाणे केला की पिस्टन सीझ होतो.

२२ अंशांवर : ८१.२३०, ८१.२३२, ८१.२२८, ८१.२३५. प्रत्येकावर मार्करने सिलिंडरचा नंबर घातला. यापुढे ते अदलाबदल होणार नाहीत.

चिठ्ठीत क्लिअरन्स ०.०४५ ते ०.०६० आहे. आपण ०.०५५ घेतली. चिकटलेल्या भिंती आणि एप्रिल-मेचं ऊन बघता अगदी कमीच्या टोकाला जायचं नाही. तेव्हा बोअर अनुक्रमे ८१.२८५, ८१.२८७, ८१.२८३ आणि ८१.२९०. ही चार मापं कागदावर लिहून ब्लॉकला चिकटवली. ‘चाळीस करा’ एवढंच सांगितलं असतं तर चारही ८१.२८० झाले असते आणि चौथा पिस्टन ०.०४५ वर घट्ट बसला असता.

सगळ्यात हलक्या आणि जड पिस्टनमध्ये ४ ग्रॅमचा फरक. पिनच्या आतल्या बाजूच्या जाड भागातून थोडं थोडं काढून १ ग्रॅमवर आणला. स्कर्ट आणि डोक्याला हात लावायचा नाही.

१६ फेब्रुवारी

लायनर. भिंत फक्त २ मिमीची, कारण शेजारी चार नंबर चिकटलेला. ब्लॉकचं भोक लायनरच्या बाहेरच्या मापापेक्षा ०.०५ ने लहान केलं आणि तळाशी बारीक पायरी सोडली. पायरी नसेल तर हजारो किलोमीटरनंतर लायनर खाली सरकतो आणि गॅस्केट फुटतं. ब्लॉक भट्टीत साधारण १५० अंशांपर्यंत गरम, लायनर डीप फ्रीजमधून काढलेला. एका दमात सरळ आत गेला. मधे थांबला असता तर तिथेच धरला असता.

चार नंबर मुद्दाम बोअर न करता ठेवला होता. लायनर बसवण्याआधी त्याचं वरचं माप, तीन नंबरच्या दिशेने, ८०.८४ होतं. ब्लॉक थंड झाल्यावर ८०.८१. तीन शतांश मिलिमीटर भिंत आत ढकलली गेली. चार नंबर आधीच ८१.२९ वर पूर्ण केला असता तर निम्मी क्लिअरन्स इथे गेली असती आणि कारण कधीच सापडलं नसतं. चिकटलेल्या सिलिंडरमध्ये क्रम हाच ठेवायचा : आधी लायनर, मग डेक फेसिंग (डेक घासून सपाट करणं), मग चारही बोअर, शेवटी होनिंग (दगडाने बारीक घासून अंतिम माप आणणं).

डेकवर ०.१० मिमीचा कट. लायनरचं वर आलेलं तोंड त्यातच सपाट झालं. त्यानंतर पाण्याच्या जॅकेटला गरम पाणी आणि हवा देऊन प्रेशर टेस्ट केली, अर्धा तास. गळती नाही.

२२ फेब्रुवारी

चारही बोअर केले, होनिंगला ०.०७ ठेवून. होनिंग करताना डेकवर ५० मिमी जाडीची लोखंडी प्लेट, चार मोठ्या भोकांची, जुनं गॅस्केट मधे घालून हेडइतक्याच टॉर्कला आवळली. हेडचे स्टड आवळले की बोअरचं तोंड ओढलं जातं. प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. प्लेट काढल्यावर एक नंबरचं वरचं माप ०.०१२ ने बदललं, तेवढ्याने प्लेट कापून घेतल्याचं सार्थक झालं.

वरची रिंग साध्या कास्ट आयर्नची आहे, म्हणून २२० ग्रिटचा दगड, शेवटचे काही हात २८० ने. मॉलिब्डेनमची रिंग असती तर ४०० पर्यंत जावं लागलं असतं. साध्या रिंगला इतका गुळगुळीत बोअर दिला तर ती बसतच नाही, नवीन इंजिन ऑइल पीत राहतं. फुलीच्या रेघांचा कोन ४५ अंशांच्या आसपास.

होनिंगने बोअर तापतो. वीस अंश चढला तरी ०.०१८ ने मोठा दिसतो. शेवटचे दोन शतांश थांबून, थंड करून, मोजूनच घेतले. चारही मापं ठरल्याप्रमाणे, जास्तीत जास्त ०.००३ चा फरक.

नंतर धुणं. याला कोणी काम समजत नाही, पण नव्या रिंगचं आयुष्य इथे ठरतं. पेट्रोल किंवा केरोसीनने दगडाची भुकटी रेघांमधून निघत नाही, तेलाबरोबर आणखी आत बसते. कडक गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश, प्रत्येक बोअरला किमान पाच मिनिटं. धुवून झाल्यावर पांढरं धुतलेलं धोतराचं फडकं ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवलं. पहिल्या वेळी राखाडी आलं. दुसऱ्यांदा फिकट. तिसऱ्या धुण्यानंतर फडकं जसं गेलं तसंच बाहेर आलं. लगेच ऑइल लावून पिशवीत बांधलं. कच्चं कास्ट आयर्न अर्ध्या तासात तांबूस होतं.

१ मार्च

कॉम्प्रेशन रेशोचा हिशेब. हेड आधी कधीतरी स्किम झालंय (घासून सपाट केलंय), चेंबर ४०.९ ते ४१.२ सीसी भरले. पिस्टन डेकच्या ०.६५ खाली (फेसिंगआधी ०.७५), म्हणजे ३.४ सीसी. दाबलेलं गॅस्केट ४.९. वाटी ६.५. एकूण ५५.८. एका सिलिंडरचं स्ट्रोकचं आकारमान ४६१.३. रेशो ९.२७.

कारखान्याचा आकडा ८.८ आहे. बोअर वाढला, हेड घासलं, डेक घासला, प्रत्येक वेळी रेशो थोडा थोडा चढत गेला. ९.२७ चालू शकेल, पण मे महिन्यात कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढताना टिणटिण (मिश्रण भलत्या वेळी पेटल्याचा आवाज) नको. हेडमधले चेंबर हॅरी वेस्लेक यांच्या आराखड्याचे, बदामाच्या आकाराचे. दोन व्हॉल्व्हच्या मधे चोचीसारखी कड येते. ती कड धारदार असली की लाल होते आणि मिश्रण वेळेआधी पेटवते. चारही चोची गोल करून चेंबर ४२.३ वर सारखे केले. एकूण ५७.१, रेशो ९.०८. इथेच थांबलो.

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते (वजनाने एकास नऊ, पेट्रोलला एकास साडेचौदाच्या वर), त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं आणि पिस्टनचं डोकं तापतं. एसयू कार्ब्युरेटरची सुई एक पायरी जास्त पेट्रोल देणारी घेतली. पेट्रोलचे रबरी पाईप सगळे नवीन.

८ मार्च

रिंग गॅप. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने खाली ढकलून सरळ केली, फिलर गेजने मोजली. वरच्या चारही ०.२८ ते ०.३० निघाल्या. त्या ०.३५ पर्यंत घासल्या, दुसऱ्या ०.४० पर्यंत. नेहमी बाहेरून आत घासायचं. गॅप कमी राहिला तर गरम रिंगची टोकं भिडतात आणि बोअर ओरखडतो. खोबणीतली मोकळीक ०.०५.

गजन पिन २२ अंशांवर अंगठ्याने दाबून गेली, स्वतःच्या वजनाने घसरली नाही. सर्क्लिप नवीन, तोंड खाचेपासून दूर. पिस्टनवरचा बाण पुढे. रिंगचे गॅप १२० अंशांवर, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एकही नाही.

२२ मार्च

इंजिन सुरू. झिंक असलेलं मिनरल २०डब्ल्यू-५०. पहिली वीस मिनिटं २,००० च्या वर, आयडलवर अजिबात नाही. कॅमशाफ्ट आणि टॅपेटसाठी ते गरजेचं. त्यानंतर लगेच त्र्यंबक रोडवर. टॉप गिअरमध्ये ५० ते ८० पर्यंत पाय दाबून, मग पाय सोडून परत ५० पर्यंत, असं पंधरा-वीस वेळा. दाबाने रिंग भिंतीवर रेटली जाते, पाय सोडल्यावर व्हॅक्यूमने ऑइल वर येऊन धातूचा चुरा धुतला जातो. नवीन इंजिन जपून हळू चालवलं की होनिंगच्या रेघा चकाकून बुजतात आणि रिंग कायमची बसत नाही. ८० किमीनंतर ऑइल आणि फिल्टर बदलला. काढलेल्या ऑइलमध्ये राखाडी झाक, चुंबकाला बारीक काजळी, तुकडा एकही नाही.

१९ एप्रिल

८०० किमी. कॉम्प्रेशन १४८, १५०, १५०, १४९. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने हवेचा दाब जवळपास सात टक्के कमी, तेव्हा हेच इंजिन मुंबईत १६० च्या आसपास दाखवेल. इंग्रजी मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडताना हे धरायचं. पहिल्या ४०० किमीत २५० मिली ऑइल गेलं, पुढच्या ४०० मध्ये डिपस्टिकवर फरक दिसला नाही. कसारा घाट दुपारी दोन वाजता, ३९ अंशांत, चढून झाला. ठोका नाही, प्लग चारही फिकट तपकिरी.

इंजिन रात्रभर थंड करून हेडचे नट क्रमाने एकेक पाव फेरा सैल करून पुन्हा टॉर्कला आवळले, टॅपेट ०.३८ वर लावले.